कशेळ्याला ऐकलेली बासरी

कर्जत हे स्टेशन आपल्यापैकी बहुतेकांनी गाडीच्या खिडकीतूनच पाहिलेले असते. पुण्याकडे निघालेली गाडी घाट चढण्यापूर्वी इथे दम घेते. कित्येक गाड्यांना मागून ढकलायला इंजिने जोडतात, आणि तेवढ्या वेळात प्रवासी दिवाडकरांचा वडा घेतो, तो गरम आहे की नाही याबद्दल शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो आणि हात पुसून पुन्हा जागेवर येऊन बसतो. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली, तेव्हापासून कर्जतच्या नशिबी हेच आले आहे. लोक इथे थांबतात, उतरत नाहीत.

जे उतरतात त्यांचे साधारण दोन वर्ग पडतात. एक पाठीवर पिशव्या बांधलेल्या तरुण मंडळींचा. त्यांना पेठचा किल्ला चढायचा असतो, नाहीतर खांडसवरून भीमाशंकर गाठायचे असते. दुसरा वर्ग मुंबईच्या धुराला कंटाळून इकडे चार गुंठे जमीन बघायला येणाऱ्यांचा. मी या दोहोंतला नव्हे. गेल्या वर्षी कोजागिरी होऊन चार दिवस झाले होते, सहामाही परीक्षेचे पेपर तपासून संपले होते, आणि कशेळ्याहून माझ्या शाळेतल्या सरांचा फोन आला होता. फोनवर सर नेहमी ओरडूनच बोलतात, कारण त्यांना स्वतःलाच ऐकू येत नाही. ते म्हणाले, “ये. तबकड्यांचं काहीतरी करायला हवं.” आणि माझे उत्तर ऐकण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी फोन ठेवला.

कर्जतहून कशेळे पंधरा किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. स्टेशनाबाहेर सहाआसनी रिक्षा उभ्या असतात. ‘सहाआसनी’ हा शब्द माणसांची किमान संख्या सांगतो, कमाल नव्हे, हे ध्यानात ठेवले म्हणजे प्रवास सुखाचा होतो. आम्ही दहा माणसे, एक कोंबडी आणि दिवाळीच्या कंदिलांचा एक भारा असे निघालो. उल्हास नदी ओलांडली की मुरबाडचा रस्ता लागतो. कडाव मागे पडले आणि दोन्ही बाजूंना भाताची शेते पसरली. कर्जत म्हणजे भात. येथल्या संशोधन केंद्राने काढलेली भाताची वाणे ‘कर्जत-३’, ‘कर्जत-१८४’ अशा नावांनी सबंध कोकणात पेरली जातात. एखाद्या गावाचे नाव शिलालेखापेक्षा पेरणीच्या पिशवीवर असणे मला जास्त भाग्याचे वाटते. ऐन कापणीचे दिवस होते. कुठे पीक पिवळेधमक उभे, कुठे कापून आडवे घातलेले, आणि कुठे खळ्यावर झोडणी चाललेली. पेंढी फळीवर आपटल्याचा धप्प असा आवाज रिक्षाच्या गोंगाटातूनही ऐकू येत होता.

पूर्वेला सह्याद्रीची भिंत सतत सोबत असते. पश्चिमेला माथेरानचा लांबट माथा. या दोहोंच्या मधल्या ताटात कशेळे वाढून ठेवले आहे. गाव म्हणावे तर मोठे नाही. पण आसपासच्या ठाकरवाड्या, कातकरवाड्या, महादेव कोळ्यांच्या वस्त्या या सगळ्यांचे ते नाके आहे. एक रस्ता मुरबाडकडे जातो, एक आत खांडस-आंबिवलीकडे. आंबिवलीच्या वाटेला लागले की पेठच्या किल्ल्याचा, म्हणजे कोथळीगडाचा, सुळका दिसतो. त्या सुळक्याच्या पोटातून खडक कोरून जिना वर नेला आहे. बाहेरून पाहणाराला वाटते नुसता दगड उभा आहे; आत शिरावे तेव्हा कळते, कोणीतरी तो पोकरून वाट केली आहे. बासरीही तशीच होते. वेळूची पोकळी निसर्गाची, पण भोके माणसाची. ही उपमा मला त्या वेळी सुचली नव्हती; परतीच्या वाटेवर सुचली.

या तालुक्याला आवाजापेक्षा विजेचा इतिहास मोठा आहे. घाटमाथ्यावर अडवलेले आंध्र तलावाचे पाणी १९२२ सालापासून भिवपुरीच्या वीजघरात खाली उतरते. वीज मुंबईला जाते आणि वापरून झालेले पाणी पेज नदीत सोडतात. म्हणून पेज उन्हाळ्यातही वाहते आणि तालुक्यातल्या कितीतरी शिवारांत दुसरे पीक निघते. १९४२ साली माथेरानच्या विठ्ठल लक्ष्मण कोतवालांनी याच टापूत आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईच्या गिरण्यांकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कशेळ्याच्या नाक्यावर उभे राहून उत्तरेकडे बोट केले तर सिद्धगडाची दिशा दाखवता येते. वीज इथे तयार होते आणि इथलीच वीज वरचेवर जाते, हा विनोद येथली माणसे आजही न हसता सांगतात. त्या विनोदाचा अनुभव मला त्याच संध्याकाळी यायचा होता.

सरांचे घर नाक्यापासून दहा मिनिटांच्या चालीवर, खांडसच्या अंगाला होते. कौलारू, पुढे ओटी, मागे परसात आळू आणि केळी. सर आम्हाला शास्त्र शिकवीत. तरुणपणी भीमाशंकरच्या वाऱ्या करताना त्यांना हे गाव आवडले, आणि निवृत्त झाल्यावर डोंबिवलीची जागा मुलाला देऊन ते आणि काकू इथे येऊन राहिले. वीस वर्षे राहिले. आता सरांनी ऐंशी ओलांडली, गुडघ्यांनी दगा दिला, मुलाने पुण्यात घर केले. ओटीवर पाऊल ठेवताच काकूंनी एका वाक्यात सगळे सांगितले, “घराचा सौदा झालाय, देवदिवाळीनंतर निघायचं.” त्यांचा आवाज कोरडा होता. घरातली भांडी अर्धी बांधून झाली होती.

तबकड्या मात्र बांधल्या नव्हत्या. त्या साठ-पासष्ट असतील. कर्जतच्या पावसाने त्यांचे जे करायचे ते केले होते. पुठ्ठ्याच्या वेष्टनांवर बुरशीचे नकाशे उमटले होते. काहींतून ओल्या पुस्तकाचा वास येत होता. पण सर शास्त्राचे मास्तर. त्यांनी एकही तबकडी आडवी रचू दिली नव्हती, कारण वजनाने ती वाकते. दर वर्षी नवरात्रात ते प्रत्येक तबकडी शुद्ध पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून धूत आणि सावलीत उभी वाळवीत. काकू म्हणाल्या, “घटस्थापनेला आमच्याकडे देव एकदा निघतात आणि ह्या साठदा.”

आम्ही एकेक तबकडी काढून पाहू लागलो. नाट्यसंगीत होते, पन्नालाल घोष होते, आणि एक गठ्ठा परदेशी. त्या गठ्ठ्यातून सरांनी एक तबकडी न पाहता, नुसत्या बोटांनी चाचपून बाहेर काढली. “ही १९७४ साली चोरबाजारात घेतली,” ते म्हणाले. “पगाराचा आठवडा उलटून गेला होता. तुझी काकू दोन दिवस बोलली नाही.”

“चार दिवस,” काकू आतून म्हणाल्या. सरांना ते ऐकू आले नाही.

ती तबकडी हर्बी मान या अमेरिकन वादकाची. नाव ‘फ्लॉटिस्टा!’ म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘बासरीवाला’. १९५९ साली न्यूयॉर्कच्या बेसिन स्ट्रीट ईस्ट नावाच्या क्लबात, समोर माणसे बसलेली असताना ती मुद्रित झाली. मान हा १९३० साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेला. आधी क्लॅरिनेट, मग सॅक्सोफोन असे करीत तो बासरीवर आला, आणि त्या तबकडीत त्याने बासरीच्या पाठीशी जॅझची नेहमीची मंडळी न बसवता काँगा आणि बाँगो बसवले. काँग्यावर हवानाचा कार्लोस ‘पटाटो’ वाल्देस, बाँगोंवर पोर्तो रिकोचा होसे मांगुअल, शिवाय लाकडी पट्ट्यांचा मारिंबा. अमेरिकेच्या जॅझमध्ये क्यूबाचा ताल आणि त्यावर बासरी, असा तो संसार.

वाचकहो, हे काय प्रकरण आहे हे मला सरांनी शाळेत असतानाच समजावले होते, आणि ते शास्त्राच्या तासाला शिकवलेल्या कशाहीपेक्षा चांगले लक्षात राहिले आहे. जॅझ म्हणजे कर्ण्यांचे राज्य. तुतारी, ट्राँबोन, सॅक्सोफोन या दांडग्या मंडळींत बासरीचा आवाज म्हणजे बाजारात बोललेली प्रार्थना. मायक्रोफोन आला, त्याच्याजवळ तोंड नेऊन वाजवता येऊ लागले, तेव्हा कुठे बासरीला पंगतीत पाट मिळाला. जॅझमधली बासरीची पहिली मुद्रित करामत म्हणून १९२७ सालच्या ज्या तबकडीचे नाव घेतात, तिच्यावर वाजवणारा आल्बेर्तो सोकार्रास हा क्यूबाचाच. याचे कारण असे की क्यूबात बासरी कधीच भित्री नव्हती. तिथे ‘चरंगा’ नावाचे नाचाचे ताफे असत: व्हायोलिने, पियानो, नगाऱ्यासारखी तिंबाले, खरवडून वाजवायचा भोपळा, आणि या सर्वांच्या डोक्यावर अगदी वरच्या सप्तकात किलकिलणारी लाकडी बासरी. नाचणाऱ्यांच्या पायांचा धुरळा खाली, बासरी वर. ज्या चा-चा-चाच्या तालावर पुढे मुंबईच्या क्लबांतली जोडपी नाचली, तो नाच एनरिके होर्रिन याने १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत हवानात असल्याच एका ताफ्याकडून रूढ केला.

या सगळ्याच्या मुळाशी एक ठोका आहे. त्याला ‘क्लावे’ म्हणतात आणि तो दोन कठीण लाकडी दांडक्या एकमेकींवर आपटून देतात. आपल्या टिपऱ्यांच्या त्या आखूड बहिणीच. सर तो ठोका फळ्यावर लिहून दाखवीत. सोळा मात्रा मोजा आणि पहिली, चौथी, सातवी, अकरावी आणि तेरावी या मात्रांवर टाळी द्या. पहिल्या आठांत तीन ठोके, पुढच्या आठांत दोन. करून पाहा, पहिल्या खेपेस पाय अडखळल्यासारखा वाटतो आणि चौथ्या खेपेस तो पाय आपोआप नाचू लागतो. आता आपला तीनताल घ्या. त्याच्याही सोळाच मात्रा. टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर आणि खाली नवव्यावर. म्हणजे हवानाचा हमाल आणि आपला तबलजी पहिल्या मात्रेवर भेटतात, मग जो तो आपल्या वाटेने जातो, आणि तेराव्या मात्रेवर पुन्हा समोरासमोर येतात. सर म्हणत, “दोन माणसांची ओळख व्हायला एवढं पुष्कळ आहे.”

ही ओळख मुंबईत झालीच. गोव्यातल्या चर्चशाळांतून स्वरलिपी शिकून आलेले वादक मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवीत आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत बसत. त्यांतला हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजला. पुणतांब्याला जन्मलेले आपले रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्या संगीताला त्याने साथ केली, आणि १९५१ सालच्या ‘अलबेला’त त्याचा सबंध ताफा पडद्यावर दिसतो. त्या चित्रपटातल्या बाँगोंवर आपल्या आईवडिलांच्या पिढीने पाय हलवले. ते पाय क्यूबाचे आहेत की कोकणचे, असे कोणी विचारले नाही. पुढे १९६८ साली शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ निघाली. तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, बासरीवर सुमन राज, ड्रम्सवर लेस्ली गुदिन्हो आणि तबल्यावर रमाकांत म्हापसेकर. तीही तबकडी सरांच्या गठ्ठ्यात होती. पण सरांचा जीव त्या आधीच्या, चोरबाजारातल्या बासरीवाल्यावर होता.

चहा झाला. सर म्हणाले, “लाव.” मी यंत्राच्या दिशेने निघालो, तो काकू पदराला हात पुसत आल्या. “तुला नाही जमायचं. ती सुई आता माझंच ऐकते.” त्यांनी तबकडी कडांनी धरून ठेवली, फुंकर मारली, सुई अलगद टेकवली, आणि सरांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून राहिल्या. आधी काँगा आला. सरांनी डोळे मिटले आणि खुर्चीच्या हातावर त्यांची बोटे चालू लागली. मग काकूंनी आपल्या उजव्या हाताची तर्जनी वर केली. त्याच क्षणी बासरी सुरू झाली.

मला उमगायला थोडा वेळ लागला. म्हातारपणी कान जातो तो वरून जातो. उंच सूर आधी नाहीसे होतात, ढोल राहतात. सरांना काँगा ऐकू येत होता, बास कळत होता, बासरी मात्र दोन वर्षांपूर्वी बंद झाली होती. कानातले यंत्र लावले तर ती कुकरच्या शिट्टीसारखी लागे म्हणून ते यंत्र त्यांनी खणात टाकले होते. बासरी कुठे आली हे काकू बोटाने सांगत, आणि सर तिथपासून ती आठवणीने ऐकत. बासरी वर गेली की बोट वर जाई. खाली आली की खाली. थांबली की बोट मिटे. पन्नास वर्षांपूर्वी जिच्यापायी चार दिवस अबोला धरला ती तबकडी काकूंना जागान् जागा पाठ झाली होती.

त्या वेळी ओटीवर कोणीतरी खोकले. शेजारच्या ठाकरवाडीतले म्हातारबा नव्या तांदळाचे गाठोडे घेऊन आले होते. सरांचे भात तेच लावून देत. ते उंबऱ्याशी टेकून बसले, थोडे ऐकले आणि म्हणाले, “हा बाजा तं आपल्या ढोलावानी हाय, गुर्जी.”

काकूंनी ते सरांच्या कानाशी ओरडून सांगितले. सर खूश झाले. “त्याला विचार, बासरी कशी वाटते?”

म्हातारबांनी विचार केला. “पावा चांगला हाय. पण त्यो रानातला नाय. रानात येवढी मानसं आयकाया नसत्यात, मंग कोन येवढं फुकील?”

मी मराठीचा मास्तर. मला या वाक्याने गप्प केले. पावा, अलगूज, बासरी, मुरली, वेणू, इतके शब्द आपण एकाच पोकळ नळीला देऊन ठेवले आहेत आणि आम्ही वर्गात त्यांना समानार्थी म्हणतो. ते समानार्थी नाहीत. मुरली देवाची, वेणू पंडितांचा, बासरी मैफलीची, अलगूज जत्रेतले, आणि पावा गुराख्याचा. तो कोणासाठीच वाजवायचा नसतो. पन्नालाल घोषांनी बत्तीस इंची बासरी हाती घेऊन त्या गुराख्याच्या नळीला ख्यालाच्या बैठकीत आणले, तेव्हा तिचा आवाज खोल झाला आणि समोर श्रोते आले. हर्बी मानच्या धातूच्या बासरीपुढे न्यूयॉर्कची गर्दी होती. म्हातारबांनी गर्दी ऐकली होती. त्यांना ना न्यूयॉर्क ठाऊक ना हवाना. पण हा माणूस कोणासाठी तरी वाजवतो आहे, एवढे त्यांनी नेमके ओळखले.

‘कॅरॅव्हान’ लागले. हुआन तिझोल या पोर्तो रिकोच्या वादकाने ड्यूक एलिंग्टनबरोबर १९३६ साली बांधलेली ही चाल. खुद्द एलिंग्टन आपला ताफा घेऊन १९६३ साली मुंबईत येऊन गेला. तांड्याची वाट, वाळू, उंट असे काहीतरी तिच्यात आहे. काकूंचे बोट वर चढत होते, आणि नेमकी वीज गेली. तबकडी मंद होत गेली. बासरीचा सूर घसरत घसरत प्रथम सनईवर, मग शंखावर आणि शेवटी म्हशीच्या हंबरण्यावर येऊन थांबला. मला हसू आले. काकूंनाही आले. सरांच्या लेखी मात्र ठोका थांबला म्हणजे सगळेच संपले होते. त्यांनी डोळे उघडले आणि “काय झालं?” असे लहान मुलासारखे विचारले.

काळोखात म्हातारबांनी तांदळाच्या गाठोड्याखालचे सूप ओढले, ते उपडे केले आणि त्यावर हाताने वाजवू लागले. तो क्लावे नव्हता. त्यांचा ढोलनाचातला स्वतःचाच काहीतरी ठेका होता. मी मोजू पाहिला आणि चुकलो. सरांनी पुढे वाकून त्या सुपावर तळहात ठेवला. कानाने येत नव्हते ते हाताने घेतले. थोड्या वेळाने त्यांनीही दुसऱ्या हाताने खुर्चीवर आपले पाच ठोके सुरू केले. दोन्ही ठेके जुळले असे मी म्हणणार नाही. ते शेजारी शेजारी चालले आणि मधूनमधून एका ठिकाणी भेटत राहिले. काकूंनी कंदील लावला. त्यांचे बोट कुठेच वर झाले नाही, कारण बासरी नव्हती. पण सर म्हणाले, “आत्ता बासरी हवी होती,” आणि ते स्वतःच शीळ घालू लागले. ती बेसूर होती. कोणी काही बोलले नाही.

रात्री जेवताना तबकड्यांचा निकाल लागला. सर म्हणाले, “सगळ्या तू घेऊन जा. पोरांना ऐकव. त्यातल्या कुणाला आवडलं तर देऊन टाक. पुण्याच्या घरात जागा नाही आणि मला आता त्यांचा उपयोगही नाही.” ‘उपयोग’ हा शब्द त्यांनी शास्त्राच्या मास्तराप्रमाणे अगदी स्वच्छ उच्चारला. मी मान हलवली. मला काय बोलावे सुचत नव्हते. एवढ्यात काकूंनी भाताचे पातेले जरा जोरातच खाली ठेवले.

“ती एक जाणार नाही.”

“कुठली?” मी विचारले, जणू मला ठाऊकच नव्हते.

“ती चार दिवसांची.”

सर माझ्याकडे पाहू लागले. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितले. ते म्हणाले, “अगं, पण तुला कुठे आवडायची ती? जन्मभर कलकलाट म्हणालीस!”

“कलकलाटच आहे तो,” काकू म्हणाल्या. “पण तो कधी चढतो आणि कधी उतरतो ते ह्या घरात मलाच ठाऊक आहे. यंत्रही यायचं. पुण्याला एक खाट कमी नेऊ.”

यावर चर्चा झाली नाही. सकाळी काकूंनी स्वतः ती तबकडी जुन्या नऊवारीत गुंडाळून ट्रंकेत उभी ठेवली. बाकीच्या आम्ही दोन खोक्यांत भरल्या. म्हातारबांच्या नातवाने त्या सायकलवरून नाक्यापर्यंत आणून दिल्या. सहाआसनीत आम्ही अकरा जण होतो. कोंबडी नव्हती, म्हणून खोकी बसली. रस्त्याच्या कडेला झोडणी चालूच होती. धप्प, धप्प, मध्ये थोडी उसंत, पुन्हा धप्प. मी मांडीवर बोटांनी सोळा मोजू लागलो आणि कडाव येईपर्यंत मोजत होतो.

या वर्षीच्या पावसाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन मी आंबिवलीची लेणी पाहायला गेलो, तेव्हा पुन्हा कशेळ्यावरून गेलो. सरांच्या घराच्या जागी उंच भिंत उठली आहे आणि तिला लोखंडी फाटक आहे. केळी दिसल्या नाहीत. भिंतीला लागून असलेल्या शेतात लावणी चालली होती, आणि ठाकरवाडीकडून येणारी वाट होती तिथेच होती. तबकड्या माझ्याकडे आहेत. शनिवारी दुपारी वर्ग सुटल्यावर पाच-सात मुले त्या ऐकायला थांबतात. त्यांतल्या एका शहापूरच्या मुलाने ‘रागा जॅझ स्टाइल’ तीनदा मागून नेली आहे. ती त्यालाच देऊन टाकावी असे मनात आहे.

नवरात्रात काकूंना फोन केला. पुण्याच्या घरी खालच्या मजल्यावरच्यांनी ढोलाच्या आवाजाबद्दल तक्रार केली होती, म्हणून त्या दुपारी चारच्या पुढेच यंत्र लावतात. सरांची तब्येत बरी आहे. त्या म्हणाल्या, “काल ते झोपले होते. धुऊन ठेवलेली बिघडली तर नाही ना, म्हणून मी एकटीनेच लावून बघितली.”

“मग?”

“मग काय,” काकू म्हणाल्या, “बोट आपलं सवयीने वर गेलं.”